हॉल टीव्ही, दोनदा

लॅपटॉप घरी ठेवायचा, हा निर्णय मी पूर्ण शुद्धीत घेतला होता. त्या रविवारी बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या आमच्या घरातून निघताना मी तो मुद्दाम टेबलावर ठेवला आणि फक्त फोन खिशात टाकला. माझ्या मते शेतकऱ्यासमोर लॅपटॉप उघडणारा माणूस एकतर बँकेचा असतो, नाहीतर विम्याचा. मी दोन्ही नव्हतो. मी चार वर्षं बंगळूरला आणि दोन वर्षं हॉलंडला शिकून, तिथली (मागितली असती तर मिळालीच असती अशी) नोकरी नाकारून मातीशी नातं जोडायला परत आलो होतो. फोन हे जनतेचं साधन आहे. तो टीव्हीला जोडायचा, दहा मिनिटं दाखवायचं, पाच मिनिटं बोलायचं, सह्या घ्यायच्या. क्रांतीला याहून जास्त वेळ लागत असेल तर ती क्रांती नव्हे, ग्रामसभा.

सह्यांचं प्रकरण आधी सांगतो. केळीच्या खोडातून धागा काढायचं एक यंत्र एका संस्थेकडून आम्हाला हंगामभर वापरायला मिळणार होतं. अट एकच. खोडं द्यायला तयार असलेल्या दहा शेतकऱ्यांच्या सह्या सोमवारी सकाळी संस्थेत पोचल्या पाहिजेत, नाहीतर यंत्र दुसऱ्या गावाला. बुऱ्हाणपुरात केळीचा धागा तसा नवा नाही. पण बहादरपूरला माझ्या काकांच्या गल्लीत अजूनही घड कापला की खोड बांधावर जातं, आणि तिथे कुजत कुजत थेट माझ्या काळजात.

दुपारी दिगंबरकाकांच्या हॉलमध्ये मोजून अकरा शेतकरी बसले होते. कूलर घरघरत होता. समोर भिंतीवर काकांचा नवा टीव्ही, दारापेक्षा थोडा लहान. काका आणि शेजारचे दगाआबा दिवाळीत जोडीने जाऊन दोन सारखे टीव्ही घेऊन आले होते, कारण दोन घेतले की दुकानदार भिंतीवर फुकट लावून देत होता. दगाआबाही सोफ्यावर होते. त्यांच्या घरी त्या दिवशी बायका बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला जमल्या होत्या. सकाळपासून बिबडे गच्चीवर वाळत घालून आता त्या हॉलमध्ये पंख्याखाली मालिका बघत बसल्या होत्या, त्यामुळे आबांना स्वतःच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. (माझ्या सभेला ते आले त्यामागे एवढंच कारण होतं, हे मला नंतर कळलं.)

मी फोन काढला. स्क्रीन दाखवायचं बटण दाबलं. फोन शोधू लागला. बराच वेळ शोधून म्हणाला, एकही टीव्ही सापडला नाही.

मी टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही होता. अकरा जणांनीही पाहिलं. त्यांच्या मतेही होता.

"फोन जरा जवळ ने ना, भाऊ," अनंतभाऊ म्हणाले.

मी नेला. टीव्हीला टेकवला. काही नाही.

"बंद करून चालू कर."

"कोणतं?"

"दोन्ही. आमच्या मोटरचं असंच आहे."

दोन्ही बंद करून चालू केले. टीव्हीवर कुठल्यातरी परदेशी तलावाचं चित्र आलं आणि तिथेच राहिलं. एवढ्यात काकांची सून, हिमानी वहिनी, चहा घेऊन आली. ती इथल्याच शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिच्यासमोर माझा नेहमीच हातचा चुकतो. तिने फोन पाहिला, टीव्ही पाहिला आणि निकाल दिला.

"भाऊजी, यांची सोयरीक नाही व्हायची. फोन एका कुळातला, टीव्ही दुसऱ्या. हा फोन आपल्या कंपनीच्या टीव्हीशिवाय कोणाशी बोलत नाही."

"कूळ वेगळं आहे तर मग अडचण काय?" दगाआबा तंबाखू मळत म्हणाले. "एक असतं तर नाही जमलं असतं."

सगळे हसले. मीही हसलो, पण माझं हसणं सर्वांत आधी संपलं.

"मध्यस्थ लागेल," वहिनी म्हणाली. "एक ॲप येतं."

मी ॲप उतरवलं. त्याने माझं नाव, वय, छायाचित्रं, आवाज आणि मला वाटतं रक्तगटही मागितला. मी सगळं दिलं. मग त्याने दोन ओळी दाखवल्या:

हॉल टीव्ही
हॉल टीव्ही

मी गोंधळलो. टीव्ही एक, नावं दोन. शेवटी मी तर्क केला की एक नाव चित्राचं असेल, एक आवाजाचं. (मी हॉलंडहून पदव्युत्तर पदवी घेऊन आलो आहे, हे इथे पुन्हा सांगत नाही.) वरचं निवडलं. फोन आनंदाने म्हणाला, जोडलं गेलं!

"लागला!" मी ओरडलो.

अकरा माणसं सरसावून बसली. समोर तलाव.

"छान आहे तलाव," अनंतभाऊ म्हणाले. "पण यात केळी कुठे?"

"येतील. जरा वेळ लागतो." मी धाग्याचा व्हिडिओ लावला. यंत्रात खोडाचे लांब तुकडे सारतात, दुसऱ्या बाजूने पांढरा धागा निघतो, बायका तो पिळून दोरीवर वाळत घालतात. फोनवर सगळं चालू. आवाज मात्र फोनमधून येईना. समोर तलाव निश्चल. चार मिनिटांचा व्हिडिओ मी एकट्याने, मुक्याने, शेवटपर्यंत पाहिला.

त्याच वेळी शेजारच्या दगाआबांच्या घरातली मालिकेची रडारड एकदम थांबली. पुढे कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग बायकांची कुजबुज.

"तिकडे लाइट गेली काय?" काकांनी विचारलं.

"जाऊ दे गेली तर," आबा म्हणाले. "सकाळपासून त्या मालिकेने डोकं खाल्लं."

मला वाटलं, चित्र नाही तर नाही, निदान मुद्द्यांवरून बोलावं. म्हणून मी फोनमधली माझी टिपणं उघडली. ती मी आठवडाभर खपून लिहिली होती. 'अन्नदाता म्हणावे. थांबावे. टाळ्या येतील.' 'आवाज कातर करावा, फार नको.' 'दगाआबा तंबाखू मळू लागले की विषय बदलावा.' 'अनंतभाऊ प्रश्न विचारतील. उत्तर येत नसल्यास हॉलंडचे उदाहरण द्यावे.'

शेजारून हास्याचा असा स्फोट झाला की काकांच्या भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

"मालिकेत काहीतरी चांगलं चाललं दिसतंय," मी म्हणालो.

"त्या मालिकेत तीन वर्षांत कोणी हसलेलं नाही," आबा म्हणाले.

मी टिपणं वरखाली करू लागलो. खाली गेलो की तिकडे हसू, वर आलो की "अगं थांब, ते परत वाच" असं काहीतरी. मला भास होऊ लागले असं वाटलं. घाबरून मी माझा बंगळूरचा मित्र हर्षल याला लिहिलं: 'टीव्ही लागत नाही. अकरा जण बसलेत. माणसं भोळी आहेत पण सटकतील. काय करू?'

हर्षलचं उत्तर आलं: 'टीव्ही सोड. आरशासमोर रडायच्या प्रॅक्टिसचा व्हिडिओ पाठवला होतास ना, ते कर.'

शेजारी कोणीतरी पितळी ताट खाली पाडलं.

धाग्याचा व्हिडिओ पुन्हा एकदा लावून बघू म्हणून मी दाबलं. दारातून ऊन थेट फोनवर येत होतं, काच पांढरी दिसत होती. काहीतरी चालू झालं. फोनमधून आवाज नाही. आणि मग भिंतीतून, काकांच्या कॅलेंडरच्या मागून, स्वच्छ, खणखणीत आवाज आला. माझा.

"माझ्या बळीराजा बांधवांनो! हॉलंडच्या कडाक्याच्या थंडीत, ब्लँकेटमध्ये तोंड खुपसून, मी एका केळीच्या पानासाठी रडलो!"

दिगंबरकाकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते बंद होतं.

"नाही, नाही," भिंत म्हणाली. "'रडलो'नंतर थांबायचं. डोळे ओले पाहिजेत. परत. माझ्या बळीराजा बांधवांनो!"

"हा तिकडे कधी गेला?" अनंतभाऊंनी माझ्या दंडाला हात लावून खात्री केली.

"रडलो!" भिंत म्हणाली. "हां, हे बरं झालं. आता रुमाल."

मी फोनवर दिसेल ते बटण दाबत सुटलो. आवाज वाढला. शेवटी वहिनीने माझ्या हातून फोन काढून घेतला, एकदा काचेकडे, एकदा भिंतीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"वायफाय!" ती म्हणाली. "आपलं आणि आबांचं कनेक्शन एकच आहे ना. भिंत सामायिक, म्हणून वायफाय पण सामायिक. आणि त्या दुकानाच्या माणसाने दोन्ही टीव्हींना एकच नाव देऊन ठेवलंय."

"म्हणजे हा एवढा वेळ माझ्या घरी चालू होता?" आबांनी विचारलं.

उत्तर द्यायची गरज पडली नाही. दारात आबांच्या पत्नी, रंभाबाई, उभ्या होत्या. कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठाचे डाग आणि मागे सात-आठ बायका, पदर तोंडाला लावून.

"काय रे ललित, थांबला काबरं? रुमालाचं दाखव ना पुढचं!"

"काकू, ते चुकून..."

"चुकून कसं? सगळं बरोबर लिहिलंय." त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तंबाखू ठेवा खाली. तुम्ही मळायला लागले की हा विषय बदलतो."

आबांचा अंगठा तळहातावर थांबला.

"आणि अनंतभाऊ," मागून एक बाई म्हणाली, "तुम्हाले काही विचारायचं असलं तर विचारा. उत्तर नसलं तर हॉलंडचं मिळेल."

"अन् आपण सगळे भोळे आहोत," तिसरी म्हणाली. "पण सटकतो."

हसू थांबलं. काका खाली बघत होते. त्यांच्या घरात, त्यांच्या पुतण्याने, त्यांच्याच माणसांना भोळं म्हटलं होतं. ते माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. दगाआबांनी तंबाखू कागदात गुंडाळली, टोपी सारखी केली आणि उठले. त्यांच्यामागे चार जण उठले. मी मनातल्या मनात सह्या मोजल्या. अकरातून पाच गेले. सहा. मग अनंतभाऊही उठले. पाच.

"आबा, माफ करा," मी म्हणालो. हे मात्र टिपणात नव्हतं. आवाज खरोखर कातर झाला आणि त्याकडे कोणाचंही लक्ष गेलं नाही.

"बसा," रंभाबाई म्हणाल्या.

आबा बसले. त्यांच्यामागचे चारही बसले. अनंतभाऊ अर्धे वाकले होते, तेही बसले.

"घड तोडून गाडीत भरला की तुम्ही मोकळे. मागं ती खोडं बांधावर ओढते कोण? मी, ही, अन् ती. कंबर कोणाची जाते? यंत्र आम्ही पाहिलं. चांगलं आहे." मग माझ्याकडे वळून: "त्याच्यातून पाणी उडत होतं. केळीचा चीक साडीवर पडला की जन्मात निघत नाही. त्याचं काय?"

मी तोंड उघडलं. हॉलंडमध्ये केळीच होत नाही, हे मला त्या क्षणी आठवलं.

"माहीत नाही, काकू."

"हां, हे बरं बोलला. जुन्या साड्या नेसू. नाहीतर खताच्या गोणीचे एप्रन शिवू. लाइन सिंगल फेज चालेल की थ्री?"

"सिंगल."

"मग आमच्या गोठ्यात बसवा. तिथे सावली आहे." त्यांनी पिठाळ हात नवऱ्याकडे केला. "कागद कुठे आहे? करा सही."

आबांनी सही केली. मग बाकीच्यांनी. अकराच्या अकरा. काकांनी सर्वांत शेवटी केली आणि कागद माझ्या हातात देताना हळूच म्हणाले, "तुझ्या बापाले नाही सांगत." मी त्यांच्या पाया पडलो, अगदी खरोखर.

आणि मग, माणसाचा स्वभाव जात नाही, मी म्हणालो, "आता दोनच मिनिटं, या प्रसंगी, मला वाटतं की..."

"ललित!" रंभाबाई म्हणाल्या. "सह्यांची अट हीच आहे. भाषण नाही."

सोमवारी सह्या पोचल्या, आठवड्याने यंत्र आलं. गोणीचे एप्रन घालून बायकांनी पहिला धागा काढला आणि बिबड्यांच्याच दोरीवर वाळत घातला. मी लांब उभा राहून, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, डोळे पुसले. प्रॅक्टिसपेक्षा ते फारच सुमार झालं.

दोन दिवसांनी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. असीरगडहून धुरपदाबाई, रंभाबाईंची मावसबहीण. आमच्या बायकांनाही ते दाखवायचंय म्हणाल्या. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. बहादरपूरहून असीरगड! चळवळ पसरत होती!

"मावशी, मी रविवारी सकाळीच येतो."

"तुम्ही कशाले उन्हात येता? फोन तेवढा साडेनवाच्या बसमध्ये ड्रायव्हरजवळ देऊन द्या. तो ओळखीचा आहे. टीव्हीले आम्ही लावून घेऊ."

"आणि मी?"

पलीकडे मावशी विचार करत होत्या. माणूस चांगला आहे, त्याचं मन मोडायला नको, असं त्यांना वाटलं असावं.

"तुमचं काही काम पडलंच," त्या म्हणाल्या, "तर तुमच्या त्याच फोनवर फोन करीन ना तुम्हाले."