फुकट लागलेला जावई

गेणू शेलाराला मोबाइलवरच्या फुकट चक्राच्या खेळात जावई लागला. गेणूला मुलगी नव्हती. मूलबाळच नव्हतं. पण कंपनीची तशी काही अट नव्हती.

अधिक महिना लागला त्या सकाळी जावई दारात हजर. नाव विलास, हातात पिशवी, पिशवीत गोडेतेलाची पुडी. खेळ तेलाच्या कंपनीचा होता ना! जेवण झालं की विलास उभा राहून तेलाची तारीफ करायचा आणि मग हात धुवायला जायचा. पाच सेकंद झाले की "पुरे" म्हणायची मुभा होती. गेणू म्हणायचाच. त्याची बायको सोनाबाई कधी म्हणाली नाही.

"लोकांना मिक्सर लागतात," गेणू कुरकुरायचा. "माझ्या नशिबी हे खाणारं तोंड!"

"हळू बोला, जावईबापू ऐकतील. दर अधिकात गल्लीभर धोंडे तळतात आणि मी नुसती वास घेत बसते. यंदा माझी कढई चढली."

यावर गेणू चष्मा पुसत बसायचा.

महिना सरता सरता कंपनीचा माणूस आला. पायात बूट, गळ्यात ओळखपत्र.

"बक्षिसाची मुदत अमावस्येपर्यंत. आज जावई जमा करायचा. पुढं बार्शीत एकाला लागलाय."

सोनाबाई पुरणाच्या हातानं तशीच आत गेली. आतून भांड्याचा आवाज येईना. गेणूला ते काही सोसलं नाही.

"जेवू तरी द्याल?"

"जेवण नियमात बसतं."

गेणूनं पाट मांडला आणि त्यावर कंपनीच्या माणसाला बसवलं. विलासला खाली फरशी. पहिला धोंडा पाहुण्याला, तूपही आधी त्यालाच. जावयासाठी आणलेली टोपीसुद्धा गेणूनं त्याच्याच डोक्यावर ठेवली.

सोनाबाई दारातून ओरडली, "अहो, जावयाचा मान!"

"कसला मान? फुकटचा तर आहे."

विलासनं ताट सारलं. तेलाची तारीफ न करता तो पलंगावर भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

"चला विलासराव," कंपनीचा माणूस म्हणाला. विलास हलला नाही. "याला झालं काय?"

"रुसला. रुसलेला जावई असा हलत नसतो. तुमच्या नियमात बघा."

माणसानं फोन लावला. बराच वेळ "हो साहेब, हो साहेब" केलं. नियमात होतं. रुसवा निघेपर्यंत मुदत पुढं ढकलली जाणार होती.

"मग काढा की समजूत!"

"मी कशाला काढू? न्यायचाय तुम्हाला."

दिवेलागणीपर्यंत तो माणूस टोपी घालून पलंगाशी बसला होता. फुकट चक्रं, दुप्पट नाणी, वरचं बक्षीस, काय काय देऊ करत होता. पाच सेकंद झाले की विलास भिंतीकडूनच म्हणायचा, "पुरे."

"भात वाढवून टाक," गेणू चुलीपाशी येऊन खेकसला. "आता हेही बूट मुक्कामाला. आणि त्याला गोड बोलायला जाऊ नकोस, उठून बसेल."

सोनाबाईनं एक धोंडा, तूप घालून, विलासच्या उशाशी नुसता ठेवला. विलासनं तो भिंतीकडं तोंड करूनच खाल्ला.