कमरेत घेतलेलं घोंगडं

आमच्या पेठेतल्या कापडदुकानदारांना तुळसाक्काच्या तांब्याची धास्ती होती. ती दुकानात शिरायची ती पाण्यानं भरलेला पितळी तांब्या घेऊनच. गादीवर बसायची, पुढ्यात टाकलेलं कापड दोन्ही गुडघ्यांवर झोळीसारखं ताणायची आणि दुकानदार "अगं, अगं" म्हणेपर्यंत त्यात पाणी ओतायची. मग खालून हात घालून बघायची. "गळतंय," म्हणायची आणि उठायची. भिजलेलं कापड दुकानदाराचं, ओली गादी दुकानदाराची, आणि वर तोरा हिचा. "वाटरप्रूफ म्हणं! माझी गाळणी ह्याच्यापरास बरी."

तुळसाक्का सुईण होती. माझी सगळी पोरं तिच्या हातावर आली. आमच्या बोळात ज्याला बेंबी होती, ती बहुतेक तिनंच बांधलेली. साठी उलटलेली, बुटकी, चांगली रुंद. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. एका खोलीत एकटी राहायची आणि बोलायची मात्र दहा माणसांच्या घरात राहिल्यासारखी, मोठ्यानं.

तिला कोट हवा होता. पाणी न शिरणारा, आणि हे ती दर वेळी बोट वर करून सांगायची, "अंगावर शोभणारा".

हे खूळ तिच्या डोक्यात स्टेशनवर शिरलं. भाचीला गाडीत बसवायला गेली होती, पाऊस लागला होता, आणि मेलगाडीतून एक मडमीण उतरली. अंगात कोट, कमरेला पट्टा, कोटाचा गळा वर केलेला. "हमालानं बिडी टाकली की रं शंकऱ्या," तुळसाक्का मला सांगत होती, "आन् ताठ उभा ऱ्हायला. तिनं काय केलं? काय न्हाय. नुसती उतरली."

शंकऱ्या म्हणजे मी. धंद्यानं शिंपी. तेव्हा मी पन्नाशीचा होतो, पण तिच्या तोंडी शेवटपर्यंत शंकऱ्याच राहिलो. शाळेत मी दोन इयत्ता बसलो. मास्तर हट्टी आणि मीही हट्टी. शाळा त्याची असल्यामुळं बाहेर मी पडलो. पण कात्री हातात आल्यापासून कुणापुढं मागं सरलो नाही. वकिलाच्या कोटापासून बँडवाल्याच्या डगल्यापर्यंत सगळं शिवलं. बाईचा कोट तेवढा शिवला नव्हता, आणि शिवणारही नव्हतो.

"आक्का, घोंगड्याची खोळ घे की डोक्यावरनं," मी म्हणालो. "सगळं जग घेतंय."

"खोळ धरायला एक हात जातो. ऱ्हायलेल्या एका हातात गाठोडं धरू का कंदील? आन् खोळ घेतली की बाई पोत्यागत दिसती."

"मग दिसू दे. तुला आता कोण बघायला येणार हाय?"

"तुला कळायचं न्हाय," ती म्हणाली. हे तिचं ठरलेलं उत्तर.

"आपल्या सोलापुरात पाऊस तरी केवढा!"

"थोडाच पडतो, पर सांगून पडत न्हाय. दसरा झाला, लोकं निवांत झाली, की बदाबदा येतो. मग थंडीचं वारं. मला कोट दसऱ्यापासनं संक्रांतीपातुर चालला पायजे."

मग आमच्या बोळाला करमणूक मिळाली. पहिल्यांदा मेणकापड. ते अंगाभोवती गुंडाळून ती चार पावलं चालली आणि टोपलीभर पापड मोडल्यासारखा आवाज झाला. "निजलेलं लेकरू जागं व्हईल," म्हणाली, आणि दिलं फेकून.

नंतर बाशाभाईनं रबरी कोट आणला. बाशाभाई आमच्याकडचा बटणवाला. पेटीत बटणं, हूक, लेस घेऊन दारोदार फिरायचा. मुंबईहून आलेल्या कुणाकडनं तरी तो कोट त्यानं मिळवला होता. वास असा की माझं गिऱ्हाईक दुकानाबाहेर जाऊन बसलं. तुळसाक्कानं त्यावर तांब्या ओतला. एक थेंब आत आला नाही. पेठेतल्या सगळ्या कापडांत हे पहिलंच पास झालं.

"मुबारक हो, आक्का!" बाशाभाई म्हणाला.

"थांब. आरसा बघू दे."

माझा आरसा मिशी बघण्यापुरता. त्यात तुळसाक्का एकदम मावणार कशी? मग ती स्टुलावर चढली आणि कंबर बघितली. खाली उतरून गळा बघितला. मला खाली बसवून आरसा जमिनीशी धरायला लावला आणि घोळ बघितला. सगळे तुकडे मनात जोडले, आणि कोट काढून बाशाभाईच्या हातात दिला.

"पाणी शिरत न्हाय, खरं हाय. पर मी ह्यात चिखलातनं उठलेल्या म्हशीगत दिसते."

आता मात्र लोकांनी ताळ सोडला. न भिजणारा कोट मिळाला आणि दिसण्यापायी नाकारला! म्हातारीला नवरा करायचाय, असं नळावर चाललं. बाशाभाईनं तर तोंडावर विचारलं. "आक्का, दाढीवाला बघू का मिशीवाला?"

"कसला बी बघ," तुळसाक्का म्हणाली, "गळका नको."

मग ती माझ्याकडं वळली. "तू करतूस का सांग, शंकऱ्या. न्हाय तर पुण्याचा शिंपी बघते."

हे तिनं बाशाभाईसमोर म्हटलं, दोन गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. माझ्या हातातला गज खाली पडला. पुण्याचा शिंपी! मी उठलो आणि भर दुकानात बोललो, "घोंगड्याचाच कोट शिवतो. त्यात एक थेंब शिरला तर ही कात्री तुझ्या पायावर ठेवीन, आन् पुढं जल्मभर गोधड्या शिवीन."

"आन् शोभला न्हाय तर?"

"तर बी."

घोंगडी विणणाऱ्या सनगराकडून घोंगडं आणलं. निवडक काळ्या लोकरीचं, पांढरा केस औषधाला नाही. ते पाटावर टाकलं आणि भांडण सुरू झालं. मी खडूनं सरळ रेघ मारली. तिनं ती पुसली.

"कमरेत घे."

"घोंगड्याला कंबर नसती, आक्का."

"मला हाय."

"कुटं?" माझ्या तोंडातून निघून गेलं.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गुपचूप कमरेत घेतलं. गळा उंच केला. खांद्याला थोडी भर दिली. बाशाभाईनं पलटणीतल्यासारखी पितळी बटणं दिली आणि स्वतः घासून चकचकीत केली. दाढीमिशीची बोलणी झाल्यापासून तोही या कामात अडकला होता.

शिवून झालं, आणि मला शंका आली. घोंगड्याला विणणारा चिंचोक्याची खळ देतो, म्हणून पाणी वरच्या वर ओघळतं. पण मी सुईनं जी भोकं पाडली त्यांचं काय? शपथ तर सगळ्या पेठेत झालेली. मी बायकोला चिंचोके भाजायला, कुटायला लावले, चुलीवर रटारटा खळ शिजवली आणि अख्ख्या कोटाला आतून-बाहेरून चोपडली. थोडी आणखी चोपडली. बाह्यांतून आडवी काठी घातली आणि अंगणात उन्हाला टांगला.

संध्याकाळी कोट खाली घेतला, काठी काढली. कोट उभाच.

दोन्ही हात पसरून, गळा ताठ करून, कुणाच्याही आधाराशिवाय अंगणात उभा. शेजारची शेळी त्याला बघून दावं तोडून पळाली. बाशाभाई बोळातून जाताना "सलाम, आक्का" म्हणाला, दोन पावलं पुढं गेला आणि मागं वळून बघत राहिला. आक्काला डोकं नाही हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

खरी तुळसाक्का आली. कोटाभोवती एक फेरी मारली. तांब्या ओतला. पाणी मोत्यासारखं घरंगळलं.

"थेंब शिरत न्हाय," मी म्हणालो.

"मी बी शिरत न्हाय," ती म्हणाली.

मी मान खाली घातली नाही. तो माझा स्वभाव नाही. पण पुढं काय करायचं हे मला सुचत नव्हतं, हे खरं. तिनं कोटाला बगलेत मारलं, दारातून आडवा जाईना म्हणून उभा नेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आपल्या उंबऱ्यात पाय पसरून बसलेली. पायांवर कोट. शेजारी वाटीत कोमट केलेलं करडईचं तेल.

तान्ह्या लेकराला चोळतात तशी ती कोटाला चोळत होती. खांद्यापासून मनगटापर्यंत. मग दोन्ही बाह्या छातीवर आडव्या घ्यायच्या, उघडायच्या, पुन्हा आडव्या. "सोड बाई अंग सोड, आळस दे," असं त्याच्याशी बोलणं चाललेलं. बायका कमरेवर कळशी घेऊन बघत उभ्या. एकजण म्हणाली, "आक्का, टाळू बी भरा की!" तुळसाक्का म्हणाली, "गळा भरतेय, गप बस."

रोज सकाळी उन्हात हा उद्योग. आठवडा गेला आणि कोटानं खरोखर अंग सोडलं. खळ आत मुरली, तेलानं माझ्या सुईचं एकेक भोक बुजलं, लोकर काळ्या घोड्याच्या पाठीसारखी चमकायला लागली. तेल तिचं, हे मी कुणापाशीही कबूल करतो. कापणी माझी, हे तुम्ही कबूल करा.

तिनं तो अंगात घातला, बटणं लावली, गळा वर केला आणि बोळातून चालत गेली. ती रुंद बाई उंच दिसत होती. बाशाभाई पेटी खाली ठेवून नुसता उभा राहिला. ताठ.

पण पाऊस कुठं होता? दसरा कोरडा गेला. तुळसाक्का ऐन उन्हात कोट घालून बाजारात जायची, घामानं निथळायची आणि लोक विचारायचे, "आक्का, आतनं गळतंय काय?" माझ्या दुकानासमोर पोरं ओरडायची, "गोधडीवाला!" मी आभाळाकडं बघत कापडं कापत होतो.

दिवाळी तोंडावर आली, आणि एका दुपारी गिरणीच्या भोंग्याबरोबरच आभाळ फुटलं. त्या पावसात कुंभारी गावचा एक धनगर छकडा घेऊन तुळसाक्काच्या दारात आला. त्याची सून अडली होती. पहिलटकरीण.

"मी बी येतो," मी म्हणालो.

"तू कशाला?"

"कात्रीचा निकाल हाय."

माझ्याजवळ छत्री होती. वेशीबाहेर पहिल्याच वाऱ्यात ती उलटी झाली आणि पुढं नुसत्या काड्या उरल्या. तुळसाक्का छकड्यात पुढं बसली होती, गाठोडं पोटाशी कोटाच्या आत, तोंड पावसाला. काळ्या लोकरीवरून पाणी धारा लागून ओघळत होतं. गावाजवळ चिखलात चाक रुतलं, तिथून चालत निघालो. मी धोतरासकट पिळून काढण्यासारखा झालो होतो. धनगराच्या घरी पोचलो तर आतून त्या पोरीचं ओरडणं अंगणापर्यंत येत होतं. "माज्यानं न्हाय व्हायचं! मी मरते! कुणी येऊ नका!"

मला वाटलं तुळसाक्का धावत आत जाईल. ती दारात थांबली. गळा नीट केला. पितळी बटणांवरून हात फिरवला. कोट खाली ओढून कमरेत बसवला. मग दार ढकललं आणि उंबऱ्यावर उभी राहिली.

ओरडणं थांबलं. मी पडवीत होतो, मला आतलं दिसत नव्हतं, पण ऐकू आलं. दमलेल्या आवाजात पोरीनं विचारलं, "कोण आलंय?"

"मी आलेय," तुळसाक्का म्हणाली.

एवढंच. दुसऱ्या मिनिटाला कोट माझ्या अंगावर येऊन पडला आणि पाठोपाठ तिनं पदराचं टोक दाराबाहेर धरलं. "हात लाव, शंकऱ्या."

हात लावला. कडकडीत कोरडं. हाताला लागला तो रेशमी काठ. तिचं ठेवणीतलं इरकली लुगडं होतं ते. लग्नकार्यालाच नेसायची.

"ठेव कात्री आपल्यापाशी," ती म्हणाली, आणि दार लावलं.

दिवे लागायच्या आधी मुलगी झाली. तिनं असा आवाज काढला की गोठ्यातली मेंढरं ओरडायला लागली. म्हातारा धनगर मला मिठी मारून "पोरगी झाली, लक्ष्मी आली!" म्हणत होता, जणू मीच काही केलं होतं. मला तरी तसंच वाटत होतं.

परत येताना पाऊस थांबला होता. मी म्हणालो, "आक्का, ह्या चिखलात ठेवणीतलं लुगडं?"

"मग कोट कशासाठी केला?"

"कोट तर लई देखणा झालाय. पर आतलं कोण बघतंय?"

"तुला कळायचं..." ती म्हणाली, आणि थांबली. मग तिनं सांगितलं, कधी नाही ते हळू आवाजात.

"लोकांच्या दारात मी भिजल्या कोंबडीगत लई वर्सं उभी ऱ्हायले, शंकऱ्या. आत पडलेली पोर माझ्याकडं बघती. तिला वाटतं, हिचंच हिला सावरंना, ही मला काय सावरती. ते एक. आन् लेकरू डोळं उघडतं, तवा पयलं तोंड माझं बघतं. मी पुसते, गुंडाळते, आईच्या कुशीत देते. मग त्याला आई असती, आजी असती, आत्या असती. मला कशाला बघतंय? एकदाच बघतं की रं. तेवढ्या येळंला तरी बरं दिसाय नको?"



दिवाळीच्या आत मी दुकानात पुरुषभर उंचीचा आरसा बसवला. लोक म्हणाले, शंकर शिंप्याचा धंदा वाढला. म्हणोत. तुळसाक्का कोट घालून आली, आरशासमोर उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःला अख्खी बघत होती, पायापासून डोक्यापर्यंत, एकदम. बघतच राहिली.

"कोण आलंय?" मी कात्री चालवत विचारलं.

तिनं गळा वर केला.

"मी आलेय," ती म्हणाली.