कूलरपुढची पिल्लं

मे महिन्यातल्या अकोल्यात घरातल्या एकुलत्या एका कूलरचं तोंड कपाटाकडे करून, स्वतः त्याच्या पाठीमागे घामाने निथळत बसणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आमच्या जठारपेठेत आहे. इंगळे सर. आधी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि चिडायचे. आता निवृत्त झाल्यामुळे नुसतेच चिडतात.

कपाटात बाटल्या, बाटल्यांत स्पिरिट आणि स्पिरिटमध्ये तांदळाच्या कणीएवढी, दोन काळ्या डोळ्यांची माशांची पिल्लं. तरुणपणी दूर दक्षिणेच्या किनाऱ्यावर राहून, बारीक जाळं ओढून सरांनी ती गोळा केली. तिथे समुद्राचं पाणी आत शिरून उथळ, शांत तळं झालं होतं. सर त्याला लगून म्हणतात. समुद्रात तरंगणारी पिल्लं वाढायला तिथे येत. आता तिथे भराव घालून हॉटेलं झालीत.

"बुजवलं हरामखोरायनं!" सर अजून ओरडतात. "आता हे पिल्लं कुठं भेटतीन? इथंच! जठारपेठेत!"

अकोल्याच्या गरमीत स्पिरिट उडतं, पिल्लं सुकतात. म्हणून कूलर त्यांना.

मी शेजारी, मराठीचा मास्तर. पहिल्याच भेटीत विचारून बसलो, "सर, या अळ्या कशाच्या?"

"अळी कोबीत राह्यते! मासोळीचं लेकरू हाय ते! चाल, निंघ!"

निघालो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. त्यांच्याकडे दुसरं कोणी येत नव्हतं, आणि माझ्याकडे कूलर नव्हता. तिथे तो निदान बघायला तरी मिळायचा.

बाहेर पडताना सर डोक्याला दुपट्टा गुंडाळत, खिशात कांदा टाकत. मी खिदळायचो, "भजी करायला चाललात का?" आणि याच ऐटीत एकदा भर दुपारी, उघड्या डोक्याने, परतवाड्याहून मोटारसायकल हाणत आलो. सरांच्या दारात नमस्कार करायला वाकलो, तो सरळ साष्टांगच पडलो.

डोळे उघडले तेव्हा तोंडावर गार वारा होता. कूलर माझ्याकडे वळवलेला. सर माझ्या तळपायांना किसलेला कांदा चोळत होते आणि तोंडाने माझा उद्धार चालू होता.

"दुपट्टा बांधाले लाज वाटते याले! मोठा हिरो आला!"

"सर, पिल्लं... स्पिरिट उडून जाईल."

"गप पड!" कांदा चोळणं थांबलं. सरांनी कपाटाकडे पाहिलं नाही. "ते मेले हायेत बे. तू जिता हाय."

मग पुन्हा शिव्या.

दोन दिवस बायकोने घराबाहेर सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा अशा थाटात गेलो. कूलर पुन्हा कपाटाकडे होता. पण जरासा तिरका. अर्धा वारा पिल्लांना, अर्धा माझ्या नेहमीच्या खुर्चीला.

"सर, कूलर तिरपा झालाय."

"फरशी वाकडी हाय!" सर खेकसले. "अन् काल काहून नाही आला बे?"