कुंभवलीचे तीन अध्यक्ष आणि विलायती जीप

श्रीमंत राजमान्य राजश्री महासचिव साहेब, मुक्काम जिनेव्हा, यांचे हुजुरात पोटशाखा बोईसर-तारापूर, ठाणे कुंभवली, हिचा चिटणीस कमलाकांत गुरुजी याचा कृतानेक दंडवत. विज्ञापना ऐसी जे, हुजुरांचे पत्र पावले. त्यात आज्ञा की, विश्वमातृरक्षक मंडळाच्या बत्तीस मुलखांत एकशे सात शाखा, प्रत्येकीस अध्यक्ष एक, मग कुंभवलीकरांसच तीन कोठून आले, याचा खुलासा करावा आणि दोन नावे खोडून यादी परत रवाना करावी. आज्ञा शिरसावंद्य. खुलासा करतो. मात्र मुळापासून सांगितल्यावाचून हे प्रकरण कळणे नाही, आणि आम्ही मुळापासून सांगू लागलो की मंडळी जांभया देतात, तरी हुजुरांनी तैसे करू नये.

शके अठराशे अठ्ठ्याऐंशी, पराभवनाम संवत्सरी, किनाऱ्यास वीजकेंद्राचे बांधकाम जोरावर होते, आणि देशावरची, घाटमाथ्याची मंडळी कामास येऊन राहिली होती, आणि घिवलीस कोळी, पाड्यावर वारली, ऐसी तीन तऱ्हेची रयत एका मुलखात नांदत होती, आणि या साऱ्यांच्या बाळंतपणास दवाखाना एक, नर्सबाई एक. तिचे नाव राहीबाई. अडलेली बाई असेल तर बैलगाडीत घालून पालघरास न्यावी, पाच कोस वाट, आणि गेल्या पावसाळ्यात दोघीजणी पालघर पाहण्याआधीच वाटेत गेल्या. दुसरी गेली त्या दिवशी राहीबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली आणि मग उठून तिने हुजुरांस चार पानी अर्ज लिहिला. अर्ज पोचला, हुजूर द्रवले, आणि सतरा विलायतांतील बायाबापड्यांनी लोकरीचे मोजे विणून, बाजारी विकून, त्या पैक्यातून एक जीप खरेदी केली. त्या माउल्यांस आमचा येथूनच मुजरा.

मग जीप जहाजातून मुंबई बंदरी उतरली, आणि मनोरावरून धुरळा उडवीत कुंभवलीस दाखल जाहली, आणि तिजबरोबर हुजुरांचे खासे वकील लिंडमनसाहेब, साडेसहा फूट उंच, उन्हाने टोमॅटोसारखे लाल, काखेत नियमपोथी घेऊन आले. जीप हाकणारा आनंदा नामे सांगलीकडचा गडी, तो जीप दिवसातून तीनदा पुसे आणि कोणी हात लाविला तर गुरगुरे. साहेबांनी मुक्कामी पोचताच पोथी उघडली आणि फर्माविले की, कलम चौदा, शाखेस अध्यक्ष बहुमताने निवडलेला हवा. कलम पंधरा, अध्यक्षाच्या हुकमावाचून जीपची किल्ली कोणास देणे नाही. पूर्वीच्या अध्यक्षांची बदली होऊन ते नागपुरास गेलेले, जागा रिकामी, तरी उद्याच निवडणूक करावी, नाहीतर परवा जीप मुंबईस परत. ती दुसऱ्या कोण्या शाखेस जाईल. हे ऐकोन राहीबाईच्या तोंडचे पाणी पळाले, कारण पाड्यावरच्या जिवल्याबाबांची सून ठमी हिचे दिवस भरले होते आणि बाळ पायाळू आहे हे तिने कालच हात लावून पाहिले होते.

मार्गशीर्ष शुद्ध दशमी, गुरुवारी, शाळेच्या पडवीत दरबार भरला. माणूस मोजून त्रेसष्ट, आम्हांसकट. उमेदवार तीन. एक खंडेराव मुकादम, देशावरच्या मंडळींचे पुढारी, मिशा पिळदार, सही वळणदार. ती सही त्यांनी चाळिसाव्या वर्षी रात्रशाळेत शिकून कमावलेली, म्हणोन किराणामालाच्या चिठ्ठीवरही करीत. दुसऱ्या नर्मदाबाय, घिवलीच्या, डोईवर मासळीची पाटी घेऊन निघाल्या की वाटेतले पोलीसही बाजूस सरत. तिसरे पाड्याचे जिवल्याबाबा, बोलणे दिवसाला दहा शब्द, पण त्या दहांवर सारा पाडा चालणार. चिटणिसालाही उभे राहा म्हणोन कोणी पुसेल ऐसे वाटले होते. कोणी पुसले नाही. ते असो.

साहेबांनी हुकूम केला की, खंडेराव पाहिजेत त्यांनी हात वर करावा. त्रेसष्ट हात वर. साहेब प्रसन्न जाहले, पोथीत नाव लिहू लागले, आणि रीत म्हणोन पुढे पुकारले, नर्मदाबाय. त्रेसष्ट हात वर. साहेबांची लेखणी थबकली. मग जिवल्याबाबा पुकारले, आणि त्रेसष्ट हात वर, त्यात खंडेराव आणि नर्मदाबाय यांचेही. मोजदाद एकशे एकोणनव्वद जाहली. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा मोजले, पुन्हा तितकेच. खंडेरावांनी मात्र पंक्तीत बसलेल्या आपल्या कुटुंबाकडे, रखमाबाईंकडे, ऐसे पाहिले की बघवेना. तिचे उत्तर खणखणीत आले.

"असं काय बघताय? नर्मदाबाई रोज दारात येती, समोर बसलीया, तिला नको कसं म्हणू? आन् जिवल्याबाबांनी आपल्या पोराचा ताप उतरवला, ते इसरला व्हय?"

साहेबांनी आम्हांस विचारिले, ही काय तऱ्हा. आम्ही जिवल्याबाबांस पुसले, आणि बाबांनी दोन दिवसांचे सारे शब्द एकदम खर्चिले.

"तोंडासमोर बसलाय त्याला नाय कसा म्हनू, गुरुजी? हात नाय वर केला तर तो काय समजंल? उद्या त्याच्याच आंगणातून जायाचा हाय."

ही या मुलखाची रीत. पाड्यावर जे ठरते ते साऱ्यांनी हो म्हटल्यावर ठरते, आणि होईस्तोवर मंडळी बसून राहतात, मग दोन दिवस लागोत. समोरच्यास नाही म्हणणे, मग ते नुसता हात खाली ठेवून का होईना, हे अंगावर धावून जाण्यासारखे. आम्ही साहेबांस हे इंग्रजीत समजाविले. आमच्या इंग्रजीने काय पोचले देव जाणे, साहेब म्हणाले, आता नवा कायदा, एका माणसाने एकदाच हात वर करावा.

मग दुसरी चकमक उडाली. खंडेरावांस साऱ्यांनी उजवा हात दिला. नर्मदाबायस डावा दिला, कारण तो अजून एकदाही वर गेला नव्हता. जिवल्याबाबांची पाळी आली तेव्हा दोन्ही हात खर्ची पडलेले, म्हणोन बायांनी कडेवरच्या पोरांचे हात धरून वर केले, आणि ज्यांजवळ पोर नव्हते त्यांनी शेजारणीचे मागून घेतले. पोरे खिदळू लागली, एक पोर साहेबांच्या मांडीवर जाऊन पोचले, त्याचा हात साहेबांनी सावरावयास धरिला आणि तोही मोजणीत गेला. आनंदा जीपचे नाक पुसता पुसता हसून लोळला. साहेबांनी कपाळावर हात मारिला.

तिसरी मसलत अशी की, उमेदवारांनी बाहेर जावे, म्हणजे तोंड समोर नको आणि संकोच नको. तिघे शाळेच्या मागे गेले. इकडे पडवीत कोणी हात हलवीना, डोळाही वर करीना. मागील पंक्तीतून सोमी नामे म्हातारी पुटपुटली की, "मानूस भायेर गेला का त्याच्या पाठीमागं बोलायचा? असा नाय करत आमी." साहेब थकून बाकावर बसले. पलीकडे ते तिघे एका काडीवर विड्या पेटवून खलबत करीत होते. परत आले तो खंडेरावांनी नर्मदाबायचे नाव सुचविले, नर्मदाबायनी जिवल्याबाबांचे, आणि बाबांनी खंडेरावांचे. साहेबांनी पोथी मिटली आणि जाहीर केले की, बहुमत नाही, सबब जीप उद्या परत जाईल.

इतक्यात पाड्याकडून सुका धावत आला. हा जिवल्याबाबांचा लेक, ठमीचा नवरा. त्याला धाप लागलेली, तसाच तो ओरडला, "बाई, ठमीला कळा लागल्यात. पाय भायेर दिसतो!"

दरबार उठून उभा राहिला. राहीबाईने पिशवी काखेत मारिली आणि साहेबांपुढे हात केला, किल्ली द्या. साहेबांचा हात खिशाकडे गेला आणि थांबला. माणूस वाईट नव्हता, डोळ्यांत पाणी होते, पण बत्तीस मुलखांचा कायदा त्याच्या मानेवर बसलेला. म्हणाले, एक सही द्या, कोणाही एकाची, या रकान्यात. तेव्हा सारे जिवल्याबाबांकडे वळले, की बाबा, तुम्हीच करा, सून तुमची. आणि साहेबांनी पडल्या चेहऱ्याने कलम सोळा वाचले, घरच्या माणसाच्या कामी अध्यक्षाने सही करणे नाही. बाबांनीही मान हलविली की खरे आहे, गाडी साऱ्यांची. मग खंडेराव पुढे आले, लेखणी धरिली, आणि अडखळले. पाड्याच्या लोकांनी बाबांसाठी वर केलेले हात त्यांच्या डोळ्यांपुढे आले. म्हणाले, मी एकट्याने केली तर या माणसांना मी खोटं पाडलं.

मग राहीबाईचा संताप ऐसा उसळला की आम्ही दोन पावले मागे सरलो. ती म्हणाली, "साहेब, रकाना एक, खूण एक, एवढंच ना तुमच्या पुस्तकात? तिकडं पोर जीव सोडतंय आन् तुमी कलमं काय वाचताय! इकडं आणा ते!" तिने शाईची डबी हिसकाविली, जिवल्याबाबांचा अंगठा धरून रकान्यात दाबिला, त्याच जागी त्यावर नर्मदाबायचा, आणि मग खंडेरावांकडे वळली. खंडेरावांच्या हाती लेखणी तशीच. त्यांनी एकवार आपल्या त्या वळणदार सहीची जागा पाहिली, लेखणी आमच्या हाती दिली, आणि अंगठा शाईत बुडवून दोघांच्या अंगठ्यांवर उमटविला. सही येणारा माणूस चारचौघांत अंगठा देतो, हे आम्ही उभ्या जन्मात प्रथम पाहिले. साहेबांनी रकान्यात पाहिले. एक खूण, काळी, गोल, मोठी, कोणाची ते ओळखू न येणारी. किल्ली आनंदाच्या हाती पडली.

मग जीप सुटली ती गोळ्यागत सुटली, आणि सारा दरबार मागोमाग धावला. पाड्याच्या वाटेस भाताचे तीन बांध आडवे, कंबरेइतके. बैलगाडी वळसा घेते, पण वळसा अर्ध्या कोसाचा. पहिला बांध खुद्द जिवल्याबाबांचा, बापजाद्यांनी घातलेला. बाबांनी कुदळ मागितली आणि पहिला घाव स्वतः घातला. मग देशावरच्या गड्यांनी फावडी चालविली, घिवलीकर बायांनी पाट्यांत माती उपसली, आणि साहेबांनी कोट फेकून, बूट रुतवून, नियमपोथी आमच्या हाती देऊन ढेकळे उचलली. त्यांस फावडे धरता येत नव्हते हे इतिहासास सांगणे प्राप्त आहे. तरी तीन बांध अर्ध्या घटकेत फुटले, जीप अंगणी भिडली, ठमीस चादरीत उचलून मागे निजविले, डोके नर्मदाबायच्या मांडीवर, राहीबाई पायथ्याशी, सुका फळीस लटकलेला, आणि आनंदाने, ज्याने जीपवर माशी बसू दिली नव्हती, चिखलाने माखलेली ती गाडी पालघरच्या वाटेस अशी हाकली की कोंबड्या झाडावर चढल्या.

पालघरच्या दवाखान्यात डॉक्टर हजर मिळाले. दिवस मावळण्यापूर्वी ठमी प्रसूत जाहली. कन्यारत्न, वजन सहा पौंड, आवाज खणखणीत. बाळ आणि बाळंतीण सुखरूप. खबर कुंभवलीस पोचली तेव्हा साहेब फुटक्या बांधावर बसून चिखल खरवडीत होते, ते उठले आणि दिसेल त्यास मिठी मारू लागले, त्यात आम्हीही सापडलो. मोहीम फत्ते जाहली, आणि आजतागायत जीप नऊ बायांस घेऊन गेली, नऊच्या नऊ परत आल्या. हे शाखेच्या दफ्तरी कायम नोंदले असे.

आता हुजुरांची आज्ञा राहिली, की तिघांपैकी दोन नावे खोडावी. आम्ही लेखणी घेऊन तीनदा बसलो, आमच्याने होत नाही. सबब अर्ज ऐसा जे, हुजुरांनी जातीने कुंभवलीस यावे, पडवीत तिघांच्या समोर बसावे, साऱ्या गावाने दिलेला चहा घ्यावा, आणि कोण दोघे नकोत ते त्यांच्या तोंडावर सांगावे. बोईसर स्टेशनावर घ्यावयास जीप पाठवितो. परवानगीच्या कागदावर तिघांचे अंगठे आजच घेऊन ठेविले आहेत. बहुत काय लिहिणे, येणे करावे.