वरच्या मजल्यावरचं तळघर

मे महिन्यातल्या भर दुपारी शेजारच्या बिल्डिंगमधले वाघमारे खिडकीत स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून बसलेले दिसले. हुडहुडी भरून ताप आलाय, हे निदान मी रस्त्यावरूनच केलं. काढ्याचं भांडं घेऊन दोन जिने चढलो आणि दार उघडताच त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ माझ्यापेक्षा गार.

"बिमार नाय हो दादा," ते कुजबुजले. "तळघरात होतो."

काढा मग मीच प्यालो. वाया कशाला घालवायचा!

वाघमारे घरी बसून एका आर्किटेक्टचे नकाशे कॉम्प्युटरवर काढतात. जमिनीखालच्या जागा ही त्यांची खासियत. काम जमिनीखाली गेलं की यांचा पंखा बंद. "खाली वारा कुठून येणार?" बोलायचं तेही हळू, कारण खाली आवाज घुमतो म्हणे.

दुसरं कारण आतल्या खोलीत झोपलेलं असतं. वहिनी दवाखान्यात नर्स, कायमची रात्रपाळी. दिवसा झोपावं तर वरचा स्लॅब तव्यासारखा तापलेला, त्यात चिकलठाण्याला उतरणारी विमानं. संध्याकाळी तसेच लाल डोळे घेऊन त्या पुन्हा ड्यूटीवर.

मला आमच्या घरामागच्या उतारावर एक खोली आणि तिच्याखाली तळघर काढायचं होतं. नकाशा वाघमाऱ्यांकडेच दिला.

"खाली ठेवणार काय?"

"अडगळ."

"लई गार जागा असती दादा, अन् अडगळ?" ते दुखावलेच.

त्यांनी आमचा उतार गवतासकट कॉम्प्युटरवर चढवला, त्याच्या पोटात खोली आखली आणि माउस सरकवत मला आत नेलं. पडदा नुसता तपकिरी.

"काहीच दिसत नाही."

"कसं दिसंल? मातीत उभे आहोत आपण. खोली आखली म्हणून माती हटत नाय. आधी माती काढा, मग बोला!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "वेरूळला कुणी भिंत बांधली व्हय? नुसतं काढत गेले."

मग त्यांनी उतारातून खोलीएवढी माती हळूच वजा केली. तपकिरी रंग विरत गेला आणि आम्ही दोघं सावलीत उभे राहिलो. खोटं नाही सांगत, माझ्या दंडावर काटा आला. मफलर मागावा असंही वाटून गेलं.

पण नकाशा काही पुरा होईना. खोदाईला ठरवलेला पोकलेनवाला रोज फोन करी आणि वाघमारे रोज झरोका हलवत. "हवा आली पाहिजे, उजेड नाय." अडगळीला हवेची एवढी काळजी!

शेवटी चिडून त्यांच्या घरी गेलो. ते चहा टाकायला उठले तसा मी माउस धरला आणि दोनदा भिंतीला धडकत तळघरात उतरलो.

खाली एक खाट होती. झरोक्यातलं ऊन समोरच्या भिंतीवर थांबलं होतं, उशीपर्यंत पोचत नव्हतं. खाटेवर एक बाई कुशीवर झोपलेली. अशी तयार माणसं कॉम्प्युटरात मिळतात. हिचे केस मात्र कानाजवळ पांढरे करून घेतले होते, वहिनींसारखे.

वाघमारे कप घेऊन दारातच थबकले.

"पुसतो मी ते. जागा तुमची हाय," ते म्हणाले. "मी आपलं... दुपारी घडीभर तिला तिथं नेऊन झोपवतो."

"राहू द्या," मी म्हणालो, तेही कुजबुजतच.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "जिना बाहेरून ठेवायला सांगा त्यांना. रोज आपल्या घरातून जायचं म्हटलं, तर वहिनी संकोच करतील."