चांदणीची चकाकी

पुष्कर देशमानेच्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर जेवढे कपडे असत, तेवढे ऐन थंडीत महाबळेश्वरला निघालेल्या माणसाच्या अंगावरही नसतात. सगळ्यात आत एक साधी पारदर्शक काच. ती धूळ, ओरखडे आणि लग्नात नेम धरून मारलेल्या अक्षता यांच्यापासून लेन्सला वाचवायची. तिच्यावर पोलरायझर नावाचा, गोल फिरणारा काळपट फिल्टर. आणि सगळ्यांच्या वर उन्हाची तिरीप अडवायला हूड, म्हणजे पाकळ्यांचं काळं टोपडं. उंब्रजच्या त्याच्या स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोला आलेला माणूसही हा सरंजाम बघितल्याशिवाय सुटत नसे. एवढं ओझं कशाला वागवतोस, असं आई विचारायची. पण म्हशीची शिंगं म्हशीला कुठे जड होतात?

त्यातही पोलरायझर त्याचा विशेष लाडका. ती काच नुसती फिरवायची, की पाण्यावरची, पानांवरची, गाडीच्या काचेवरची चकाकी पुसली जाते. "लोकांना चकाकी दिसते, माझ्या फिल्टरला वस्तू दिसते," असं तो ऐटीत सांगायचा. हे वाक्य त्याने मोबाईलवर कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. पण इतक्यांदा म्हणून म्हणून ते आपलंच आहे, अशी आता त्याची खात्री पटली होती.

अशा माणसाचं लग्न एका म्हशीपाशी येऊन अडलं, त्याची ही गोष्ट.

मुलगी पलूसजवळच्या गावातली. नाव संयोगिता, पलूसच्या बँकेत नोकरीला. दोघांचं आपसात कधीच ठरलं होतं. तिच्या आईने, गोदावरीकाकूंनी, तर मनातल्या मनात मांडवाचे खांबही रोवले होते. अडून बसले होते ते वडील, आप्पासो. फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला माणूस. जन्मभर बूट चमकवले, बिल्ले चमकवले. आता चमकवायला काही उरलं नाही म्हणून ते रोज म्हैस चमकवत. माणसाचा कस त्याच्या चकाकीवरून कळतो, असं त्यांचं ठाम मत. आणि फोटो काढणं हा काही धंदा आहे, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं.

"फोटो काय, माझा मोबाईल बी काढतोय," ते पुष्करला म्हणाले. "त्यात तुमचं कसब काय, फोटोवालं? एक काम करा. आमच्या चांदणीचा फोटो काढा. प्रदर्शन तोंडावर आलंय, चौकात तिचा फ्लेक्स लावायचाय. त्यो बघून मी काय ते सांगतो."

चांदणी म्हणजे त्यांची म्हैस. अंगाने काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. तालुक्याच्या जनावरांच्या प्रदर्शनात तिला उतरवायचं म्हणून आप्पासो घरात माणसांपेक्षा तिच्याशी जास्त बोलत. शेजारच्याच रानात त्यांचे चुलतभाऊ वीरधवल यांचा पाखऱ्या नावाचा पांढराशुभ्र खिलार खोंड याच प्रदर्शनाची तयारी करत होता. बांधाच्या भांडणावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. तोंडं बंद झाली तरी डोळे उघडेच होते, त्यामुळे कुणाच्या जनावराला कसली पेंड चालू आहे हे दोन्हीकडे बरोब्बर ठाऊक असायचं.

ठरलेल्या दिवशी पुष्कर पोहोचला, तेव्हा आप्पासो घामाघूम होऊन चांदणीला तेल चोळत होते. पहाटेपासून चोळत होते. म्हैस अशी लखलखत होती, की तिच्या पोटात बघून दाढी करावी.

पुष्करने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. चांदणीच्या पाठीवर उन्हाचा पांढरा पट्टा, पोटावर दुसरा, मांडीवर तिसरा. चकाकीच चकाकी. त्याने मनातल्या मनात हात चोळले. आता दाखवतो म्हणाला कसब! पण हूड बसवलेलं असलं की आतला फिल्टर फिरवायला बोट जात नाही, म्हणून त्याने टोपडं काढून गव्हाणीच्या कडेवर ठेवलं. चांदणीने ते शांतपणे तोंडात घेतलं. आप्पासोंनी ते तितक्याच शांतपणे तिच्या जबड्यातून ओढून काढलं आणि धोतराला पुसून परत दिलं.

पुष्करने फिल्टर सावकाश फिरवला. पट्टे विरघळत गेले. मागचा ऊस हिरवागार झाला, आभाळ निळंशार झालं आणि चांदणीच्या अंगावरची चकाकी पार, समूळ, नावालाही उरली नाही. त्याने धडाधड फोटो काढले. आप्पासोंनी मागच्या पडद्यावर एकदा बघू म्हटलं, तर याने कॅमेरा पाठीशी लपवला. "आता नको आप्पा. एकदम फ्लेक्सवरच बघा," तो म्हणाला. पुढच्या सगळ्या रामायणाला हे एक वाक्य पुरलं.

फ्लेक्स चौकात लागला. वर चांदणी, खाली कोपऱ्यात हात जोडलेले आप्पासो. ऊन डोळ्यांवर आल्यामुळे त्यांचे डोळे बारीक झाले होते आणि चेहरा रडवेला दिसत होता.

दुपारी दूध न्यायला आलेल्या बिराप्पाने किटली खाली ठेवायच्या आत आवाज हळू केला. "आप्पा, म्हशीला काय झालंय? फोटोत लय उतरल्यागत दिसती."

आप्पासोंनी त्याला वेड्यात काढलं. पण त्याच्या मागोमाग आणखी दोघं आले. मग चार बायका आल्या. कुणी हळद-गुळाचा गोळा आणला, कुणी दृष्ट काढायला मिरच्या आणल्या, एकाने तर परस्पर जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर आले, त्यांनी चांदणीला इकडून तिकडून तपासलं आणि रोग सापडेना म्हणून गंभीर झाले. एवढी गर्दी बघून बिचारी म्हैस बुजली आणि संध्याकाळी तिने दूध चोरलं. झालं! दूध आटलं म्हणजे काहीतरी आहेच, असं गावाने ठरवून टाकलं.

आप्पासो तरातरा चौकात गेले आणि फ्लेक्ससमोर उभे राहिले. आभाळ सुंदर होतं. ऊस सुंदर होता. मध्ये चुलीमागच्या भिंतीसारखं काहीतरी मातकट काळं उभं होतं. पोटाची गोलाई गेलेली, अंगावर माशी बसलेली जागा न् जागा दिसत होती. त्यांनी पुष्करला बोलावून घेतलं.

पुष्कर समजावू लागला, की आप्पा, हा पोलरायझर असतो, तो नको असलेली चकाकी काढून टाकतो.

"नको असलेली?" आप्पासो म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. "पहाटंपासनं मी तिला तेल लावत हुतो, ते कशासाठी रं?"

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने लेन्सवरचे सगळे कपडे उतरवले आणि चांदणीचा उघड्या लेन्सने नवा फोटो काढला. हा मात्र झकास आला. म्हैस नुसती उजळत होती. घाईघाईने नवा फ्लेक्स छापून जुन्याच्या जागी लावला. खाली आप्पासो तेच, हात जोडलेले.

आता गावाची अवस्था बघा. काल मरगळलेली म्हैस बघितली, डॉक्टर येऊन गंभीर तोंडाने गेलेले बघितले. आज त्याच जागी तिचा असा तजेलदार फोटो आणि खाली डोळे बारीक करून हात जोडलेला मालक. आपल्याकडे असा फ्लेक्स कधी लागतो, हे लहान पोरालाही कळतं. दुपारपर्यंत एकेक करत माणसं येऊन आप्पासोंच्या ओसरीवर बसली. गळ्यात टॉवेल टाकून सगळी नुसती जमिनीकडे बघत होती. तेवढ्यात चंद्राबाई पदराखाली पिठलं-भाकरी घेऊन आली, गोदावरीकाकूंच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "गेल्या दिवाळीत तिच्याच दुधाचा खरवस खाल्ला हुता गं."

मागे गोठ्यात चांदणी हंबरली. ओसरीवरचे दोघं दचकून उठले.

त्या संध्याकाळी आप्पासोंनी निकाल दिला. हे लग्न व्हायचं नाही. जो माणूस जित्या म्हशीला दोन फोटोंत मारतो, त्याच्या हातात पोरगी कशी द्यायची? संयोगिताने फोनवर पुष्करला एवढंच विचारलं, की त्या फिल्टरशिवाय एक फोटो काढला असतास तर तुझं काय गेलं असतं? पुष्करची जेवणावरची वासना उडाली. स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोला आलेली माणसं पहिल्यांदाच पाच मिनिटांत मोकळी होऊ लागली.

आणि अशात चौकात वीरधवलांनी त्याला गाठलं. आप्पासोंच्या फजितीने ते इतके खूश होते, की मिशीला पीळ कमी पडत होता. चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या पाखऱ्याचा फोटो काढ. बघू तरी, खोट कॅमेऱ्यात हाय का त्या म्हशीत."

पुष्कर घाबरून आधी आप्पासोंकडे गेला, परवानगी मागायला. आप्पासोंनी ऐकून घेतलं. बराच वेळ सुपारी कातरली. मग त्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच हसले.

"काढ की," ते म्हणाले. "पर ती फिरती काच लावून काढ. पाखऱ्याचा माझ्या चांदणीवानी फोटो निघाला, की साखरपुड्याचं बोलू."

पुष्करने रात्रभर कूस बदलली. धंद्याची अब्रू एका पारड्यात, संयोगिता दुसऱ्या पारड्यात. सकाळी संयोगिताचं पारडं जड झालं आणि तो फिल्टर खिशात घालून वीरधवलांच्या रानात गेला.

पाखऱ्या बांधावर मान उंचावून उभा होता. वीरधवलांनी त्याला तेलबिल काही लावलं नव्हतं, नुसता धुतला होता. पुष्करने देवाचं नाव घेऊन फिल्टर फिरवला. खोंडाला काही झालं नाही. पांढरं जनावर पांढरंच राहिलं. मागचं आभाळ मात्र गडद होत गेलं. त्याने आणखी फिरवला. आभाळ आणखी गडद झालं, आणि त्या निळ्यावर पाखऱ्या कोरल्यासारखा उठून दिसू लागला. तो बिघडवायला जितकी काच फिरवी, तितका खोंड देखणा होई. त्याने दिशा बदलली, उकिडवा बसून बघितलं, बांधावर चढून बघितलं. काही उपयोग नाही. फिल्टर काढून टाकला असता तर कदाचित फोटो साधारण आला असता, पण आप्पासोंचा हुकूम काच लावून काढायचा होता. हुकूम तो हुकूम.

पाखऱ्याचा फ्लेक्स लागला आणि चौकात एसटी थांबवून ड्रायव्हरने फोटोचा फोटो काढला.

पुष्करने संयोगिताची आशा सोडली. दोन दिवस त्याने फोनही उचलला नाही. तिसऱ्या दिवशी आप्पासो स्वतः उंब्रजला स्टुडिओत येऊन उभे राहिले. कडक इस्त्री, पायात चमकणारे बूट. पुष्करने कॅमेरा आधी कपाटात ठेवला.

"वीरधवल तुला त्याच्या मेव्हणीची पोरगी देतोय म्हणं," आप्पासो म्हणाले.

पुष्करला यातलं काही माहीत नव्हतं. पण नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पासोंनी हात वर केला. "तू त्या घरात गेलास, तर दरसाल त्याच्याच खोंडाचा फ्लेक्स चौकात. ते मला चालणार न्हाई. येत्या गुरुवारी साखरपुडा. घरच्यांना घिऊन या, जावईबापू."

पुष्कर हवेत तरंगतच संयोगिताला भेटायला पलूसला गेला. आपल्या कलेची किंमत शेवटी शत्रूच्याही घराला कळली, असं त्याने तिला ऐकवलं. वर मोठ्या मनाने हेही सांगितलं, की ती दुसरी मुलगी कितीही चांगली असली तरी तिला आपण नम्रपणे नकार देणार आहोत. तिचं मन न दुखावता ते कसं सांगायचं, एवढंच विचारायचं होतं.

"चॉकलेट देऊन सांग," संयोगिता म्हणाली. "वीरधवलकाकांच्या मेव्हणीची मुलगी तिसरीत आहे."

"मग ते स्थळ?" पुष्करने विचारलं.

"ते स्थळ मीच काढलं आणि आईच्या तोंडून आप्पांच्या कानावर घातलं. दोन घरांचं बोलणं नाही. ते विचारायला कुठे जाणार होते?" मग जरा थांबून तिने आणखी एक सांगितलं. लग्नात फोटो कुणी काढायचे तेही आप्पांनी ठरवून टाकलंय. बिराप्पा काढणार आहे, मोबाईलवर.