डोमेनसरदारांच्या लढाईत सगुणाबाईंच्या नावाची हकिकत

नामाचा महिमा थोर. देवाचे नाम फुकट मिळते, माणसाचे मात्र वर्षाच्या कराराने. त्या नामास वंदून, आणि ते भाड्याने देणाऱ्यांस दुरूनच रामराम करून, लिहिण्यास आरंभ केला.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, पौषमासी एका राज्यात वेबसाइटची नावे राखणारे दोन सरदार होते. जुने खेळोजीराव पहिल्या वर्षी नव्व्याण्णव घेत आणि दुसऱ्या वर्षी पंधराशे मागत; नवे निळोपंत एकोणनव्वद घेत आणि दुसऱ्या वर्षाचा विषयच काढीत नसत. उभयतांचे शौर्य जाहिरातीत. त्या राज्यात सगुणाबाई कासार बांगड्यांचा व्यापार करीत. 'सगुणाचुडा.कॉम' हे त्यांचे नाव तीन वर्षे खेळोजीरावांच्या ठाण्यात होते, आणि गावोगावच्या वरमाया त्याच नावावर येऊन लग्नाचा चुडा मागवीत. मग निळोपंतांचा फोन आला की, "ताई, तिकडे कशाला लुबाडून घेता? तुमचा चहा होईस्तोवर नाव हलवतो." बाईंस पटले, आणि मुदतीस आठ दिवस उरले असता त्यांनी खेळोजीरावांस निरोप दिला. रिवाज ऐसा की, नाव हलविण्यास जुन्या सरदाराकडून परवलीचा शब्द घ्यावा लागतो. एरवी फोन न उचलणारे खेळोजीराव एकाएकी प्रेमाने भरून आले आणि रोज एक कारकून पुसू लागला, "बाईसाहेब, आमचं काय चुकलं?" मग अर्ज जाहला, मग अर्जाचा खुलासा, मग फेरविचारास पाच दिवस, आणि नवव्या दिवशी परवली ईमेलने रवाना जाहली. आदले दिवशीच मुदत संपून नाव बंद पडले होते, आणि बाईंनी मोठ्या हौसेने ईमेलचा पत्ताही त्याच नावाचा दिला होता, तो नावाबरोबर तोही बंद. परवली आत, बाई बाहेर.

"अहो, मला फोनवर सांगा की!"

"तसा नियम नाही, बाईसाहेब. पत्ता बदलून घ्या."

"मग बदला ना!"

"त्याची परवली जुन्या पत्त्यावर पाठवलीय. तेवढी वाचून दाखवा."

"बरं, दंड घ्या, पण माझं नाव चालू करा हो."

"त्याचीही तिथंच पाठवलीय."

हे बोलताना कारकुनाचा आवाज यत्किंचितही हलला नाही, ऐसा शूर. निळोपंतांस विनविले तो उत्तर आले, "नाव आमच्याकडे आल्याशिवाय आम्ही काय करणार, ताई?" आणि ते स्वतःच चहास गेले. मग दंड भरून नाव सोडविण्याच्या सवलतीची मुदतही सरली, आणि चैत्रात ते नाव बाजारात येऊन कोण्या परक्याने उचलले, आणि वैशाखात वरमाया चुडा पाहावयास आल्या तो तेथे रमीचा डाव मांडलेला. एकीने दुकानी येऊन तोंडावर विचारले, "सगुणाबाई, या वयात हा धंदा?" बाईंच्या डोळ्यांस पाणी आले. आम्हांस तर लिहिताना संताप आवरत नाही. त्याच दिवशी दोन्ही सरदारांचे फोन आले की, "नवीन नाव घ्या, पहिले वर्ष स्वस्त!"

येणेप्रमाणे लढाई जाहली. दोघांनीही विजयाची नौबत वाजविली, कोणास खरचटलेदेखील नाही. पडले ते एका बाईचे नाव, आणि ते उचलावयास दोघांपैकी कोणीही आला नाही.